विज्ञानकथेला वेगळे कपाट देणारे जळगावचे वाचनालय

जुन्या जळगावच्या बाजूला, एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर, वर्गणीवर चालणारे एक खासगी वाचनालय आहे. चालकांना सगळे सभासद नाना म्हणतात. नानांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून वाचनालयाचे नाव येथे देत नाही. शहरातल्या कोणत्याही पुस्तकवेड्या माणसाला विचारले तरी तो जिना दाखवील. आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांत विज्ञानकथा तीन ठिकाणी विखुरलेली असते. थोडी बालसाहित्यात, थोडी सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांशेजारी आणि उरलेली रहस्यकथा व भयकथांच्या खणात. ज्याला तीच वाचायची आहे त्याने तिन्हीकडे शोधायचे आणि वर "मुलासाठी नेताय का?" ही विचारणाही ऐकून घ्यायची. नानांकडे विज्ञानकथेला स्वतंत्र कपाट आहे, ते मोठ्यांच्या दालनात आहे, आणि त्याच्या निमित्ताने महिन्यातून एकदा सभासदांची बैठक भरते. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी, मोबाइल आणि त्यांवरच्या मालिकांचा सुकाळ आहे त्याने या दोन गोष्टींसाठी वर्गणी भरावी का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

कपाटाबद्दल आधी सांगतो, कारण त्याची मांडणी मला अन्यत्र पाहायला मिळालेली नाही. पुस्तके लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली नाहीत, तर मूळ लेखन ज्या वर्षी प्रथम प्रसिद्ध झाले त्या वर्षाप्रमाणे लावलेली आहेत, आणि ते वर्ष प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले आहे. त्यामुळे भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न १८६० आणि १८७० च्या दशकांत जाऊन बसतो, एच. जी. वेल्स यांचे कालयंत्र १८९५ मध्ये येते, आणि मग बराच काळ परदेशी नावे ओलांडत आपण सत्तरच्या दशकातल्या मराठी लेखकांपाशी पोहोचतो. खालच्या दोन खणांत 'नवल' आणि 'धनंजय' यांचे जुने दिवाळी अंक जिल्द बांधून ठेवलेले आहेत. या अंकांत भुताच्या गोष्टीला लागूनच यंत्रमानवाची गोष्ट छापलेली सापडते. मराठी विज्ञानकथेला जे भयकथेचे शेजारपण बराच काळ लाभले, त्याचा याहून सरळ पुरावा मिळायचा नाही. नारायण धारपांनी दोन्ही प्रकार हाताळले, त्यात नवल वाटण्याचे कारण उरत नाही.

या क्रमाने वाचत गेले की जयंत नारळीकरांचे काम नीट दिसते. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, आणि कथेला पहिले बक्षीस मिळाले. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. आज तो पुन्हा वाचताना त्याचे गुण आणि उणिवा दोन्ही ठळकपणे जाणवतात. त्यांची पात्रे पुष्कळदा एकमेकांना सिद्धांत समजावून सांगण्यासाठीच खोलीत येतात, आणि स्त्रीपात्रांना तर बहुधा तेवढेही काम मिळत नाही. मात्र कल्पना मांडण्यातली स्वच्छता विलक्षण आहे. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते एवढाच बदल होतो, आणि तेवढ्या बदलातून १७६१ नंतरचा सगळा हिंदुस्थान वेगळा होतो. बदल किती लहान ठेवायचा याचे हे भान मला पुढच्या पुष्कळ लेखकांत दिसत नाही. त्यांना एका कथेत तीन शोध आणि दोन महायुद्धे लागतात.

नारळीकरांच्या आसपास बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही मंडळी कपाटात बऱ्यापैकी भरलेली आहेत. लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा इंग्रजीत जाऊन जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात समाविष्ट झाली, हे मला नानांनी पुस्तकात खोचलेल्या चिठ्ठीवरून कळले. अशा चिठ्ठ्या पुष्कळ पुस्तकांत आहेत. त्यांत कथानक सांगितलेले नसते. ही कथा आधी कोणत्या अंकात आली होती, याच विषयावर कपाटात आणखी काय आहे, एवढेच टिपलेले असते. जावडेकरांचे लेखन मला या सर्वांत अधिक जवळचे वाटते, कारण त्यांच्या कथेतला माणूस शोध लागल्यानंतरही नोकरीवर जातो, त्याला घरच्यांना उत्तरे द्यावी लागतात.

कपाटाची खरी उणीव २०१० नंतरच्या खणात दिसते. नवे मराठी लेखन तुटपुंजे आहे. मेघश्री दळवी यांच्यासारख्या आजच्या लेखिकेच्या कथा शोधायच्या तर दिवाळी अंक चाळावे लागतात. नानांचे म्हणणे असे की नवीन पुस्तके लोक विकत घेत नाहीत आणि वाचनालयाकडे मागतही नाहीत. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही, कारण न दिसणारे पुस्तक कोण मागणार? शिवाय या कपाटातल्या कथा मुंबईत घडतात, पुण्यात घडतात, अमेरिकेत आणि मंगळावर घडतात. तापीच्या खोऱ्यात घडणारी एकही मला अद्याप सापडलेली नाही. हा दोष अर्थात वाचनालयाचा नव्हे. ज्या प्रदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला आणि शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद राहिली, त्या प्रदेशाला आकाशाशी नाते सांगायला परगावच्या लेखकाची वाट पाहावी लागू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता बैठकीविषयी. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी एक कथा किंवा कादंबरी आणि त्याच विषयावरची एक मालिका अथवा चित्रपट चर्चेला घेतला जातो. मालिका ज्याने त्याने आपल्या घरी पाहून यायची असते. वाचनालयात पडदा नाही, आणि तो नसणेच बरे, कारण पडदा आला की बोलणे बंद होते. येणारे लोक सर्व वयांचे आहेत. त्यांतल्या पन्नाशीच्या पुढच्यांनी विज्ञानकथा पहिल्यांदा पाहिली ती दूरदर्शनवर : रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक', १९८९ साली 'इंद्रधनुष', आणि त्यांच्या मुलांच्या वेळी, म्हणजे १९९८ साली, मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम'. या मंडळींचा आठवणींत रमण्याचा कल असतो आणि सूत्रधाराने तो वेळीच आवरला नाही तर अर्धी बैठक शीर्षकगीतांत जाते. तरी त्यातूनही कधी कामाचे निघते. 'स्टार ट्रेक'मधली माणसे क्षणात यानातून ग्रहावर पोहोचतात ही कल्पना, दर भागात यान उतरताना दाखवणे परवडत नसल्यामुळे सुचली, हे एकाने सांगितले तेव्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सभासदाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता; त्यांनी त्या यंत्रावर वर्गात एक पूर्ण तास घेतला होता म्हणे.

या बैठका सामान्य चर्चांहून वेगळ्या का, हे एका बैठकीचे थोडे विस्ताराने वर्णन केल्याशिवाय समजणार नाही. मे महिन्यात फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ ची 'ड्यून' ही कादंबरी आणि तिच्यावरचे अलीकडचे दोन चित्रपट विषयाला होते. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आत दोन कूलर, आणि समोर वाळवंटी ग्रहाची गोष्ट. त्या ग्रहावरचे लोक एक विशेष पोशाख घालतात, जो अंगातून निघालेला घाम, श्वासातली वाफ आणि इतर सगळा ओलावा अडवून त्याचे पिण्याचे पाणी करतो. सभासदांत कूलर आणि पंखे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, मूळचे पारोळ्याकडचे, बोलतात ते अहिराणीत. पोशाखाचे कौतुक चालू असताना त्यांनी मध्येच विचारले, "घाम उडना तरच आंग गार व्हस, भाऊ. तो आठेच कोंडी ठेवा, ते गरमी जाई कोठे?"

प्रश्न बिनतोड होता. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती वाफ पोशाखाच्या आतच पुन्हा पाणी झाली, तर तेवढीच उष्णता आतच परत मिळते आणि माणूस स्वतःच्या घामासह शिजतो. ज्यांनी पुस्तक नीट वाचले होते त्यांनी उलट दाखवून दिले की हर्बर्ट यांनी याचा विचार केला आहे; पोशाखाच्या आतल्या थरातून घाम जवळजवळ नेहमीसारखाच वाळतो आणि पुढच्या थरांत उष्णता वाहून नेणारे तंतू आहेत असे कादंबरीत स्पष्ट म्हटलेले आहे. त्यावर आमच्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न तयारच होता : वाहून न्यायची ती कुठे, बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असताना? मग त्यांनी उठून चालू कूलरची एक बाजू काढली, ओले गवत दाखवले आणि सांगितले की मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे यंत्र उत्तम चालते, पण जूनअखेर पहिला पाऊस पडून हवेत ओल आली की हेच गवत, हेच पाणी आणि हाच पंखा फक्त चिकचिक देतो. कारण वाफेला जायला जागा राहत नाही. बंद पोशाखात तर पहिल्या पाच मिनिटांतच जूनअखेर होणार. शेवटी असे ठरले की पोशाखाला उष्णता जबरदस्तीने बाहेर ढकलणारा पंप हवा, म्हणजे फ्रिजचे तत्त्व, आणि तो चालवायला ऊर्जा हवी. ती चालणाऱ्याच्या पावलांतून मिळते असे पुस्तक म्हणते, पण तेवढी मिळणार नाही. कादंबरी यामुळे लहान होत नाही. मी ती त्यानंतर पुन्हा वाचली आणि पाण्याच्या थेंबाभोवती एका समाजाचे सगळे रीतिरिवाज कसे विणले आहेत हे अधिक नीट दिसले. मात्र मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी त्या पोशाखाबद्दल लिहिलेले जे काही मी वाचले होते, त्यात हा साधा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या पाहण्यात नव्हता.

पाण्यावरूनच आणखी एक बैठक झाली, ती 'द एक्स्पान्स' या मालिकेवर. ही मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत आली आणि तिच्यात लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणाऱ्या कामगारांना हवा आणि पाणी मोजून मिळते. बर्फ शनीच्या कड्यांपासून जहाजाने आणावा लागतो. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही, टँकरचा नंबर लावावा लागतो आणि पाणी भरण्यासाठी घरातल्या कोणाची तरी झोपमोड ठरलेली असते, तिथल्या प्रेक्षकाला ही मालिका भविष्याची वाटतच नाही. एका सभासद ताईंचे निरीक्षण असे होते की अवकाशयानांच्या बहुतेक मालिकांत कोणी कपडे धुताना, भांडी घासताना दिसत नाही, त्यामुळे तिथे पाण्याचा प्रश्न उद्भवतच नाही. 'एक्स्पान्स'मध्ये तो उद्भवतो म्हणून ती खरी वाटते. मला हा निकष फार उपयोगाचा वाटतो. एखाद्या काल्पनिक जगात पाणी कोण भरते, कचरा कोण उचलतो आणि बिघडलेले यंत्र कोण दुरुस्त करते, याची उत्तरे लेखकाकडे असली की बाकीच्या चमत्कारांवर विश्वास ठेवायला वाचक तयार होतो.

ल्यू त्सिशिन यांच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'वरची बैठक मात्र मला फसलेली वाटली. २००६ साली चीनमध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार २०१५ साली मिळाला. तिच्यावर चीनमध्ये २०२३ साली तीस भागांची मालिका झाली आणि २०२४ साली नेटफ्लिक्सने आठ भागांची केली, जिच्यात कथेचा मोठा भाग चीनमधून उचलून ऑक्सफर्डला नेलेला आहे. यावर स्थळ बदलल्याने काय गमावले हे बोलायला हवे होते. प्रत्यक्षात कोणती मालिका जलद आहे यावरच वाद झाला. माझे मत चिनी मालिकेच्या बाजूचे आहे. ती लांबते, काही भाग तर निव्वळ सहनशक्तीची परीक्षा आहेत, परंतु तिच्यातली प्रयोगशाळा, पोलीस ठाणे आणि उपाहारगृह एका ठरावीक गावाची आहेत. आठ भागांच्या मालिकेतली हुशार तरुण मंडळी कोणत्याही देशात राहू शकली असती.

घरी पैसे भरून घेतलेल्या मालिकांच्या सेवेशी या वाचनालयाची तुलना करणे अपरिहार्य आहे, कारण सामान्य कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात दोघांपैकी एकच बसते. मालिकांची सेवा सोयीची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिने सुचवलेले पाहत गेलो तेव्हा एका अवकाशयानामागून दुसरे आणि दुसऱ्यामागून तिसरे अवकाशयान आले. १८९५ सालच्या कालयंत्राकडे किंवा १९७४ च्या कृष्णविवराकडे तिने मला कधी पाठवले नाही. शिवाय ज्या मालिका मराठीत नाहीत त्यांत पडद्याच्या तळाशी येणारी इंग्रजी अक्षरे वाचता वाचता घरातली वडीलधारी माणसे कंटाळून उठतात आणि मालिका एकट्याने पाहण्याची गोष्ट होऊन बसते. वाचनालयाच्या कपाटात एक पुस्तक काढले की शेजारचे आपोआप हाताला लागते, आणि ते सारख्या विषयाचे असतेच असे नाही. सारख्या काळाचे असते. चंद्रावर माणूस उतरण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या कथा एकाच फळीवर पाहिल्या की लेखकांचा आत्मविश्वास कुठे वाढला आणि कुठे ढळला हे कोणी न सांगता समजते.

तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. जिल्द बांधणाऱ्याने दिवाळी अंकांची आतली बाजू इतकी घट्ट शिवली आहे की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरे शिवणीत जातात. अंक दोन्ही हातांनी दाबून वाचावा लागतो, आणि जोराने दाबला तर कागद तुटतो. यादी संगणकावर नाही. नोंदवही आहे, तिच्यातले नानांचे अक्षर सुंदर आहे, परंतु पुस्तक बाहेर गेलेले आहे की हरवलेले आहे हे तिच्यावरून कळत नाही. दुपारी बारा ते साडेचार वाचनालय बंद असते. वरचे छत पत्र्याचे असल्यामुळे उन्हाळ्यात ते समजण्यासारखे आहे, तरी भुसावळ किंवा पाचोऱ्याहून गाडीने येणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. इंग्रजी पुस्तके थोडी आणि बहुतेक देणगीतून आलेली आहेत, म्हणून एखाद्या मालेचा पहिला व तिसरा भाग सापडतो आणि दुसरा सापडत नाही. जिना अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी दूरध्वनी करावा, मुलगा पुस्तक खाली आणून देतो, आणि ही सोय खरोखर चालते, हे मुद्दाम नमूद करतो.

वर्गणी महिन्याला ऐंशी रुपये आणि अनामत पाचशे रुपये आहे. एका वेळी दोन पुस्तके मिळतात, दिवाळी अंकांची जिल्द मात्र तिथेच बसून वाचावी लागते. ज्यांना केवळ नवी इंग्रजी विज्ञानकथा हवी आहे त्यांनी येथे पैसे घालवू नयेत, त्यांची निराशाच होईल. ज्यांना मराठी विज्ञानकथा पहिल्यापासून वाचायची आहे आणि मालिका पाहिल्यावर त्याबद्दल कोणाशी तरी भांडायचे आहे, त्यांनी अवश्य सभासद व्हावे. बैठकीला सभासद नसलेल्यांनाही येता येते, चहाचे दहा रुपये डब्यात टाकायचे. पुढच्या बैठकीला नारळीकरांची १९८६ ची 'वामन परत न आला' ही कादंबरी घेतली आहे, आणि जमिनीखालच्या ठोकळ्यातून मिळालेल्या माहितीवरून घडवलेला यंत्रमानव आज वाचताना कसा वाटतो हा प्रश्न आहे. वाचनालयात तिच्या दोनच प्रती आहेत. त्यांतली एक सध्या माझ्याकडे आहे आणि ती मी गुरुवारपर्यंत परत करीत आहे. दुसरीसाठी नानांकडे नाव लिहून ठेवावे लागेल.